पोरगं कामाला लागलं, टिकलं का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: बँकेतली नोकरी सोडून तुम्ही कोल्हापुरातल्या एका धर्मादाय संस्थेचं संचालकपद स्वीकारलं आहे. संस्था अठरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींना काम मिळवून देते. देणगीदार विचारतात, वर्षात किती जणांना लावलंत. विश्वस्त म्हणतात, पगारावरचा खर्च कमी करा. आणि लावलेली बरीच पोरं महिन्याभरात परत दारात उभी राहतात. सुरुवात कुठून करायची?

मी हे काम सतरा वर्षं करते आहे, त्यातली अकरा वर्षं संस्थेची प्रमुख म्हणून. माझं उत्तर असं की सुरुवात तिसऱ्या तक्रारीपासून करा. पहिल्या दोन तिच्याच पोटात आहेत.

प्रमुख झाले त्या पहिल्या वर्षी आम्ही चोवीस मुलांची एक तुकडी सीएनसीचं, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या यंत्रांचं, प्रशिक्षण देऊन शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत लावली. वार्षिक सभेत टाळ्या झाल्या, अहवालात फोटो आला. तीन महिन्यांनी सहज म्हणून मी स्वतः सगळ्यांना फोन लावले. सातजण कामावर होते. मी त्या रात्री झोपले नाही. कारण अहवालात ते चोवीसच होते, आणि ते खोटंही नव्हतं.

मग एकेकाच्या घरी गेलो. सतराजणांनी काम का सोडलं ते ऐकलं आणि तिथून माझं खरं शिक्षण सुरू झालं. काम जमलं नाही असं सांगणारा त्यात एकच होता. मोजमापाचा व्हर्नियर धरता येत होता, ड्रॉइंग वाचता येत होतं. राधानगरीकडच्या एकाची दुसरी पाळी रात्री अकराला सुटायची आणि त्यानंतर गावाकडं जाणारी एसटी नव्हती. आठ दिवस तो कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीच्या केबिनशेजारी बसून पहाट करायचा. एकाला सुपरवायझरनं सगळ्यांदेखत आईवरून शिवी दिली होती. एकाच्या घरच्या उसाला तोड आली, वडील म्हणाले चार दिवस ये, चाराचे बारा झाले आणि परत जायला त्याला लाज वाटली. तिघांनी पहिला पगार हातात यायच्या आधीच सोडलं होतं.

या तिघांकडे नीट बघा. पोरगं तीन तारखेला कामावर लागतं. पगार पुढच्या महिन्याच्या सात ते दहा तारखेला. म्हणजे पस्तीस-अडतीस दिवस त्याला बसभाडं, डबा, खोलीतला वाटा, सेफ्टी शूज हे सगळं खिशातून भागवायचं असतं, आणि खिसा तर रिकामा म्हणूनच ते आपल्याकडं आलेलं असतं. घरून दोनदा पैसे मागता येतात, तिसऱ्यांदा बाप म्हणतो, "नोकरीला लागलायस का आम्हाला खायला?" आम्ही त्या वर्षापासून पहिल्या महिन्याची उचल द्यायला लागलो. बिनव्याजी, तीन पगारांत परत. विश्वस्तांना भीती होती की पैसे बुडतील. थोडे बुडतात. पण एका मुलाच्या प्रशिक्षणावर आपण जेवढा खर्च करतो त्याच्यापुढं ही रक्कम किरकोळ असते, आणि ती नसेल तर सगळं प्रशिक्षणच वाया जातं. तुम्ही बँकेतून आलात, हा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला मांडाल.

खोलीचंही तसंच, राहायची सोय नसेल तर नोकरी टिकत नाही. कोल्हापूरच्या माणसाला हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. राजर्षी शाहू महाराजांचा संस्थानच्या नोकऱ्यांत 50 टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम 26 जुलै 1902 चा. पण व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग त्याआधीच, 1901 साली सुरू झालं होतं, आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह 1908 साली. खेड्यातला मुलगा शहरात राहूच शकला नाही तर त्याच्यासाठी राखलेल्या जागेवर बसणार कोण, हे त्यांनी ओळखलं होतं. गंगाराम कांबळे यांची गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली, आणि लोक अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कचरतात हे दिसल्यावर स्वतः तिथं गाडी थांबवून चहा घ्यायला लागले. माझ्या दृष्टीनं आपल्या कामाचा सगळा धडा त्या चहाच्या कपात आहे. भांडवल देऊन ते मोकळे झाले नाहीत, दुकान उघडल्यानंतर तिथं गेले.

म्हणून आमच्याकडं आता मोजणी बदललेली आहे. रुजू झालेल्यांचा आकडा आम्ही ठेवतो, पण वर लिहितो तो नव्वदाव्या दिवशी कामावर असलेल्यांचा, आणि त्याच्यापुढं सहाव्या महिन्याचा. पहिल्या वर्षी हे आकडे देणगीदारांपुढं ठेवताना माझे हात थरथरत होते. एका मोठ्या देणगीदारानं पुढच्या वर्षी मदत बंद केली. दुसऱ्यांनी मात्र विचारलं, सोडून गेलेल्यांचं कारण काय, आणि त्यावर तासभर बोलले. ते अजून आमच्याबरोबर आहेत. माझं आग्रहाचं सांगणं आहे की आलेल्या पहिल्याच वर्षी हे करा. जुना फुगलेला आकडा दोन वर्षं तुम्ही स्वतःच्या सहीनं छापलात की तो तुमचा झाला.

मालकांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण बाहेरून आलेल्या माणसाची इथंच फसगत होते. कोल्हापुरात काम नाही असं नाही. उद्यमनगरच्या छोट्या वर्कशॉपपासून शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीपर्यंत ओतकामाच्या फौंड्री आणि मशीन शॉप पसरलेली आहेत. इचलकरंजीत यंत्रमाग आहेत, हुपरीत चांदीचं काम, शहरात दवाखाने, शोरूम, हॉटेलं. मालक फोन करतात, "मॅडम, दहा पोरं पाठवा, उद्याच." या उद्याच्या फोनला मी घाबरते. ज्या कारखान्याला दर महिन्याला दहा पोरं लागतात तिथं दर महिन्याला दहा पोरं सोडून जात असतात.

मुलगा पाठवण्याआधी तुमच्या संस्थेतल्या कुणीतरी, आणि सुरुवातीला तुम्ही स्वतः, ती शॉप फ्लोअर पायाखाली घातलीच पाहिजे. ऑफिसात बसून एचआरबरोबर चहा पिऊन येणं म्हणजे भेट नव्हे. फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग साफ करतात तिथं, जाऊन उभं राहा. कास्टिंगवरची वाळू ग्राइंडरनं काढताना जी धूळ उडते तिच्यात सिलिका असते, ती वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. पोरांनी तोंडाला रुमाल बांधलाय का योग्य मास्क आहे? धूळ ओढून घेणारी यंत्रणा चालू आहे का नुसती बसवलेली आहे? पत्रा दाबणाऱ्या प्रेसला, हात आत राहू नयेत म्हणून, दोन हातांनी दाबायची बटणं आहेत का एक बटण टेप लावून कायमचं दाबलेलं आहे? स्वच्छतागृह बघा, विशेषतः मुली पाठवणार असाल तर. आणि विचारा की कागदावर मालक कोण: कंपनी का कॉन्ट्रॅक्टर?

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आठव्या वर्षी आम्ही पाठवलेल्या एका मुलाची दोन बोटं प्रेसमध्ये गेली. तो कॉन्ट्रॅक्टरच्या हजेरीवर होता, ईएसआयसीत, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, त्याचं नाव नव्हतं, आणि कंपनी म्हणाली तो आमचा कामगारच नाही. मी तिथं फक्त ऑफिसपर्यंत गेले होते. ती चूक माझी होती. त्या मुलाच्या आईसमोर बसून मी ती कबूल केली. नाव आधीच नोंदलेलं असतं तर उपचार मिळालेच असते, शिवाय कामावर जाता येत नाही तोपर्यंत पगाराच्या 90 टक्के भत्ता मिळाला असता. महिना 21,000 रुपयांपर्यंतच्या पगाराला ही योजना लागू होते, आणि जुलै 2019 पासून कामगाराच्या वाट्याला फक्त 0.75 टक्के येतात, मालकाला 3.25. एवढ्या रकमेसाठी जो मालक टाळाटाळ करतो त्याच्याकडं आम्ही आता पोरगं पाठवत नाही, मग तो आमचा देणगीदार असला तरी. आमच्याकडच्या प्रत्येक मुलाला आम्ही पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी मागायला शिकवतो: नेमणुकीचा कागद, ईएसआयसीचा नंबर, पीएफचा यूएएन, म्हणजे खाते क्रमांक. मागताना मान खाली घालायची नाही, हेही शिकवतो.

शिकाऊ उमेदवारीचा (अप्रेंटिसशिपचा) रस्ता जरूर वापरा. 1961 च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात, त्यामुळं दार उघडं असतं. पण करारपत्र कोणत्या ट्रेडचं आहे आणि मुलगा प्रत्यक्ष काय करतोय हे दोन महिन्यांनी जाऊन बघा. टर्नरचा करार आणि वर्षभर ट्रॉली ओढणं, असं मी पाहिलंय. सरकारी कार्यप्रशिक्षणाचंही मुलांना आधीच स्पष्ट सांगा. 2024 मध्ये आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावीला 6,000, आयटीआय आणि पदविकेला 8,000, पदवीला 10,000 रुपये विद्यावेतन मिळायचं. अनुभव म्हणून ते चांगलंच. पण ती कायमची नोकरी आहे असा समज घरच्यांचा होतो, लग्नाची बोलणीसुद्धा होतात, आणि मुदत संपली की पोरगं एकदम कोसळतं. मुदतीच्या दोन महिने आधी त्याचा पुढचा शोध तुमच्याकडं सुरू झालेला असला पाहिजे.

इथल्या पोरांचं वर्षही समजून घ्या. गळीत हंगाम, चैत्रातली जोतिबाची यात्रा, गावची म्हाई म्हणजे जत्रा, गणपती. पेठेतली पोरं असतील तर फुटबॉलचा हंगाम, कारण इथं तालमींचे फुटबॉल संघ असतात. शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीची मॅच असताना शिवाजी पेठेतलं किंवा मंगळवार पेठेतलं पोरगं दुसऱ्या पाळीला मशीनवर उभं राहील, अशी अपेक्षा मालकानं करू नये आणि आपणही. आधी मला याचा राग यायचा. आता आम्ही रुजू होतानाच विचारतो, वर्षात कुठले चार दिवस तुला सुटी पाहिजेच? ते दिवस मालकाला पहिल्याच दिवशी लिहून देतो. न सांगता मारलेल्या खाड्यामुळं जेवढ्या नोकऱ्या गेल्या, तेवढ्या दुसऱ्या कशानं गेल्या नाहीत. आणि त्याच तालमी आपल्या कामाच्या आहेत. शहरातली काम नसलेली मुलं शोधायची तर आमच्या पत्रकापेक्षा तालमीतल्या वस्तादांचा एक शब्द जास्त चालतो. मी पहिली काही वर्षं कॉलेजांच्या नोटीस बोर्डावर कागद चिकटवत बसले, ती वर्षं वाया गेली असंच मी म्हणेन.

सगळ्यात अवघड वाटणारी मुलं कुठली, तर सैन्य-पोलीस भरतीची तयारी करणारी. पहाटे पाचला रस्त्यारस्त्यावर धावणारी पोरं तुम्ही बघतच असाल. या जिल्ह्याला सैन्याची मोठी परंपरा आहे, सैनिक टाकळीसारखं गाव आपल्याकडं आहे, आणि ती जिद्द खरी आहे. पण 2022 पासून जवान म्हणून सैन्यातला प्रवेश अग्निपथ योजनेतून, साधारण साडेसतरा ते एकवीस वयात, चार वर्षांसाठी, आणि त्यातले 25 टक्क्यांपर्यंतच पुढं कायम होतात. एकविसावं सरलं की पोरगं पोलीस भरतीकडं वळतं, मग वनरक्षक, मग आणखी काही. पंचविशीला आपल्याकडं येतं तेव्हा त्याच्या अंगात ताकद आहे, शिस्त आहे, आणि मनात आपण हरलो हे पक्कं बसलेलं आहे. त्याला "आता स्वप्नं सोड" असं कधीही सांगू नका. आमच्या एका समुपदेशकानं एकदा असं सांगितलं आणि तो मुलगा पुन्हा आलाच नाही. आम्ही आता अशा मुलांना पहिल्या पाळीचं काम शोधतो, सकाळी सात ते तीन, म्हणजे संध्याकाळी ग्राउंडवर भरतीचा सराव करता येतो. हातात स्वतःचा पगार आला की काहीजण आपणहून ठरवतात. काहीजण भरतीही होतात, आणि पेढे घेऊन येतात.

मुलींबाबत एकच सांगते. निर्णय मुलीच्या एकटीच्या हातात नसतो. आईला, आणि जमलं तर वडिलांना किंवा मोठ्या भावाला, कामाची जागा दाखवायला घेऊन जा. आम्ही पंचतारांकित वसाहतीत अशी एक गाडी भरून आया नेल्या होत्या. येताना त्यांतली एक म्हणाली, "माझ्यासाठी काय काम असंल तर बघा की." त्या बाई आज तिथल्या कँटीनमध्ये आहेत आणि त्यांची मुलगी क्वालिटी विभागात.

आता पैसे. विश्वस्त पगारावरचा खर्च कमी करा म्हणतात, कारण त्यांना पगार म्हणजे ऑफिसचा खर्च वाटतो. त्यांना समजावून सांगा की नव्वद दिवस फोन करणारी, गेटवर जाऊन उभी राहणारी, बापाची समजूत घालणारी माणसं हेच आपलं काम आहे. संगणक आणि इमारत देणारे पुष्कळ मिळतात, कारण त्यांवर पाटी लावता येते. साध्या हिशेबात दाखवा: एका मुलाला लावायला किती खर्च आला हे न काढता, सहा महिने टिकलेल्या एका मुलामागं किती खर्च आला ते काढा. पाठपुरावा करणारा माणूस काढून टाकला तर हा आकडा वाढतो, कमी होत नाही. आमच्या विश्वस्तांना हे एका पानावर मांडून दाखवल्यावरच पटलं.

सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी कायद्यानं समाजकार्यावर करायच्या खर्चाच्या, बाबतीत एक गैरसमज मला वारंवार भेटतो. कंपनीची माणसं म्हणतात, प्रशासनावर 5 टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही, म्हणून तुमचे पगार बसत नाहीत. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनावरच्या खर्चाला आहे. प्रकल्प आखणं, राबवणं, त्यावर देखरेख ठेवणं यांचा थेट खर्च त्यात येत नाही. आपला पाठपुरावा करणारा कार्यकर्ता हा प्रकल्प राबवण्याचाच खर्च आहे. 2021 च्या नियमांत हे लिहिलेलं आहे, ते छापून बरोबर न्या आणि नम्रपणे दाखवा. दुसरं, एका वर्षाचा प्रकल्प मागूच नका. कायद्यात चालू प्रकल्पाची सोय आहे, सुरुवातीचं वर्ष सोडून पुढं तीन वर्षांपर्यंत. एप्रिलमध्ये आलेल्या मुलाचं टिकणं मार्चपर्यंत कळतं, जानेवारीत आलेल्याचं कळत नाही. निव्वळ नफा 5 कोटी किंवा त्याहून जास्त असलेली कंपनी या कायद्यात येते, त्यामुळं पुण्या-मुंबईकडं पळण्याआधी आपल्याच वसाहतीतल्या मध्यम कारखान्यांची दारं वाजवा. फक्त हे सांभाळा की स्वतःच्या कामगारांपुरता खर्च सीएसआरमध्ये बसत नाही. तुमचा देणगीदार म्हणाला की सगळी पोरं मलाच द्या, तर तिथं नाही म्हणायचं.

मुलांकडून मात्र एक रुपयाही घेऊ नका. नोंदणी फी नाही, फॉर्मचे पैसे नाहीत, पहिल्या पगारातून पेढ्यांच्या नावाखाली काही नाही. नोकरी लावतो म्हणून पैसे घेऊन गायब झालेली माणसं प्रत्येक तालुक्याला माहीत आहेत. आपली सगळी पत यावर उभी आहे. आमच्या एका कार्यकर्त्यानं पाचशे रुपये घेतल्याचं कळलं तेव्हा मी त्याच दिवशी त्याला घरी पाठवलं आणि पैसे स्वतः नेऊन दिले. चांगला होता कामाला. तरीही.

थोडी गंगाजळी ठेवा, निदान सहा महिन्यांच्या पगाराएवढी. ऑगस्ट 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली होता, कारखाने बंद, रोजंदारीची पोरं घरी. पुढच्या मार्चमध्ये करोनाची टाळेबंदी आली. मुलांना आपली सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच देणग्या आटतात. विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज नव्वद दिवसांत गेला पाहिजे, हे तुमच्या वकिलाला आठवण करून देत राहा. जुने अर्ज राहिलेले असतील तर आधी तेच निस्तरा, नाहीतर ऐन देणगीच्या वेळी कागद अडतात.

तुमच्या माणसांकडं लक्ष द्या. हे काम करणारे बहुतेकजण स्वतः अशाच घरांतून आलेले असतात. दिवसभर दुसऱ्याच्या नोकरीची काळजी करायची आणि स्वतःचं कंत्राट मार्चमध्ये संपणार, हे मनाला पोखरतं. आम्ही दर शनिवारी दुपारी दोन तास बसतो. त्यात आकडे नाहीत. ज्याला जो मुलगा त्या आठवड्यात छळतोय, त्याच्याबद्दल तो बोलतो, बाकीचे ऐकतात. मी शक्यतो गप्प बसते. प्रमुखानं प्रत्येकाला उत्तर द्यायचं नसतं, हे शिकायला मला फार उशीर लागला.

आणि स्वतःकडं काही मुलं कायम ठेवा. मी आजही वर्षाला पाच-सहा मुलं स्वतः बघते, पहिल्या मुलाखतीपासून सहाव्या महिन्यापर्यंत. बैठका आणि अहवाल वाढत जातात, ते वाढतच राहणार. पण एसटीची वेळ बदलली, कुठल्या कंपनीत नवा सुपरवायझर आला, मेसचा दर किती झाला, हे मला त्या पाच-सहाजणांकडून कळतं, आणि विश्वस्तांपुढं बोलताना माझ्या बोलण्यात जोर असतो तो त्यांचा.

या आठवड्यात एवढंच करा. गेल्या सहा महिन्यांत लावलेल्यांपैकी दहा फायली काढा आणि स्वतः फोन लावा. संचालक बोलतोय म्हणू नका, नाव सांगा आणि विचारा, "जेवलास का? काम कसं चाललंय?" पहिल्या पाळीवाल्यांना संध्याकाळी सहानंतर करा. दुसऱ्या पाळीच्या पोरांना सकाळी दहाच्या आधी करू नका, ती झोपलेली असतात. जो फोन उचलणार नाही त्याच्या घरी जा. मला अशा एका घरी पोरगं म्हणालं होतं, "बरं झालं आलासा मॅडम, मी मंगळवारपास्नं जातच नाही कामाला." त्या दिवशी गुरुवार होता. शुक्रवारी मी त्याच्याबरोबर गेटपर्यंत गेले.